नवं ओळखपत्र आणण्याआधी जुन्यांचा हिशोब द्या

"एकदाच काय ते देशाचं पक्कं नागरिक कार्ड काढून टाका, रोजची कटकट तरी संपेल" हे सध्या सोलापुरात कुठंही ऐकायला मिळतं, सात रस्त्याला, अशोक चौकात, एसटी स्टँडवर, आणि बोलणारी माणसं काही कुणाचं वाईट चिंतणारी नसतात, नुसती वैतागलेली असतात. वैताग खराच आहे. घरात आधार आहे, व्होटर कार्ड आहे, पॅन आहे, रेशन कार्ड आहे, पोराला शाळेत अपार काढलं, गावाकडं जमीन असेल तर फार्मर आयडी, दवाखान्यासाठी आभा आणि आयुष्मान, मजुरीला जात असाल तर ई-श्रम. आणि एवढं सगळं असून २०२५ मध्ये बिहारात मतदार यादीची ती एसआयआर म्हणजे विशेष सखोल तपासणी सुरू झाली तेव्हा निवडणूक आयोगाने सांगितलेल्या ११ कागदांत आधार नव्हतंच, शेवटी ८ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की आधार बारावा कागद म्हणून घ्या, तेही ओळखीपुरतं, नागरिकत्वासाठी नाही. मग माणूस म्हणणारच की बाबांनो एक काय ते ठरवा.

तरीही मी या नव्या कार्डाच्या विरोधात आहे. कार्ड या वस्तूशी माझं भांडण नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की कार्डावरचं नाव आणि समोरचा माणूस जुळला नाही, मशीनने ओळखलं नाही, यादीत नाव सापडलं नाही, तर सिद्ध कुणी करायचं, आणि सिद्ध होईपर्यंत नुकसान कुणी सोसायचं? आजवर जितकी कार्डं आली त्या सगळ्यांत याचं उत्तर एकच निघालंय, ज्याच्याकडे सगळ्यात कमी आहे त्याने.

आधी एक गैरसमज काढू. लोकांना वाटतं की असं कार्ड आणायचं तर नवा कायदा लागेल, संसदेत चर्चा होईल, मग बघू. तसं नाहीये, कायदा केव्हाच झालाय. कारगिलच्या युद्धानंतर जी समिती आणि मग मंत्रिगट बसला त्यांच्या शिफारशींनंतर २००३ मध्ये नागरिकत्व कायद्यात दुरुस्ती झाली, कलम १४अ आलं, त्यात स्पष्ट लिहिलंय की केंद्र सरकार प्रत्येक नागरिकाची सक्तीने नोंद करून त्याला राष्ट्रीय ओळखपत्र देऊ शकतं. त्याच वर्षी नियमही झाले आणि १३ जिल्ह्यांत प्रयोग म्हणून कार्डांचं काम हातात घेतलं. वाजपेयींच्या काळात हा कायदा, मनमोहनसिंगांच्या काळात एनपीआर म्हणजे राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवही आणि आधार, मोदींच्या काळात २०१६ चा आधार कायदा, तोही मनी बिल म्हणून, म्हणजे राज्यसभेच्या मंजुरीची गरजच ठेवली नाही. म्हणून हा विषय या पक्षाचा का त्या पक्षाचा असं करून काही उपयोग नाही, सगळ्यांनी मिळून इथवर आणलाय.

२००३ च्या त्या नियमांत एक गोष्ट आहे जी प्रत्येकाने वाचायला पाहिजे. यादी तपासताना स्थानिक रजिस्ट्रारला एखाद्याचं नागरिकत्व संशयास्पद वाटलं तर त्याच्या नावापुढे तसा शेरा मारून पुढे चौकशी लावता येते. संशय कशावरून घ्यायचा याची धड व्याख्या नाही. आणि कच्ची यादी लागल्यावर त्यातल्या नोंदींवर हरकती मागवायच्या आहेत. हे आपल्या गल्लीत आणून बघा. ज्याच्याशी भिंतीवरून, नळावरून भांडण आहे तो माणूस तुमच्या नावावर हरकत घेणार आणि तुम्ही कामाचा खाडा करून कागदांची पिशवी घेऊन ऑफिसच्या पायऱ्या चढणार.

आधारचं चांगलंही सांगायला पाहिजे, नाहीतर बोलणं खोटं ठरेल. पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं, एका आदिवासी बाईला. तेव्हाचा विचार खरंच मोठा होता, ज्याच्याकडे कुठलाच कागद नाही त्याला पहिला कागद मिळेल. आणि मिळालाही. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, ना सातबारा ना लाईट बिल अशा कितीतरी लोकांचं बँकेत खातं निघालं ते आधारमुळेच. ऊसतोडीला जाणारं कुटुंब आता दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यात आपल्या कार्डावर धान्य उचलू शकतं, ही सोय छोटी नाही, पूर्वी सहा महिने गाव सोडलं की रेशन बुडायचंच. बोगस रेशन कार्डांवर धान्य उचलून काळ्या बाजारात विकणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत, त्यांना चाप बसला असेल तर चांगलंच आहे.

पण मग विडी कामगारांकडे या.

सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायका हजारोंनी आहेत, दाजी पेठ, भद्रावती पेठ, विडी घरकुल, कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत, कुठल्याही गल्लीत दुपारी जा, उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन बसलेल्या दिसतील. पान भिजवायचं, कात्रीने कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा, टोक दुमडायचं, आणि हे दिवसाला शेकड्यांनी, कारण मजुरी हजार विड्यांवर मिळते. वीस-तीस वर्षं हे केल्यावर बोटांच्या टोकांवरच्या रेषा राहतात कुठं? आणि ठसा घेणाऱ्या मशीनला तर त्या रेषाच पाहिजेत. रेशन दुकानात अंगठा देतात, येत नाही, मग दुसरं बोट, मग हात धुऊन या, मग पुसून बघा, मग रेंज गेली, मग सर्व्हर डाऊन, आणि शेवटी "अक्का, तुमचं बोट येईना की ओ, उद्या या." उद्या या म्हणणाऱ्या दुकानदाराचा यात फार दोष नाही, त्याचंही मशीन पुढे जात नाही. पण अक्काचा उद्या म्हणजे अर्ध्या दिवसाच्या विड्या गेल्या. विडी कारखान्यात जशा तपासणाऱ्याने बाद केलेल्या विड्यांची मजुरी बाईच्याच पदरातून जाते, पान खराब दिलं होतं का तंबाखू कमी दिला होता हे कुणी विचारत नाही, तसंच हे मशीन बोट बाद करतं आणि भुर्दंड बोटवालीला.

यावर लोक म्हणतात ओटीपी आहे की. ओटीपी कुणाच्या मोबाईलवर? लिंक असलेला नंबर पोराचा, पोरगं पुण्याला किंवा भिवंडीला, किंवा ते सिमच बंद पडलेलं. नंबर बदलायचा तर इतकी वर्षं आधार केंद्रावर जाऊन परत बोटच द्यावं लागायचं. लाडकी बहीणच्या ई-केवायसीत हेच झालं. २०२५ मध्ये नियम आला की बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचं नाहीतर वडिलांचं आधार टाकून ओटीपी द्यायचा. आता जिचा नवराही गेला आणि बापही गेला तिने ओटीपी कुणाकडून आणायचा, जिला नवऱ्याने टाकलंय तिने त्याच्या दारात जाऊन दीड हजार रुपयांसाठी नंबर मागायचा का? ओरड झाल्यावर मुदत वाढली, डिसेंबरपर्यंत गेली, कागदांची वेगळी सोय करावी लागली. सिस्टीम बनवणाऱ्याच्या डोक्यात विधवा आणि परित्यक्ता बाई आधी आलीच नव्हती, आणि हे एका राज्याच्या एका योजनेत, जिथं फार तर हप्ता थांबतो. नागरिकत्वाच्या कार्डात ही विसराविसर झाली तर थांबणारी गोष्ट हप्त्याएवढी नसेल.

उपाशी राहण्यापर्यंत हे कसं जातं तेही देशाने बघितलंय. झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात सप्टेंबर २०१७ मध्ये ११ वर्षांची मुलगी गेली, घरच्यांचं म्हणणं होतं की रेशन कार्ड आधारला लिंक नाही म्हणून रद्द झालं आणि महिनोन्‌महिने धान्य मिळालं नाही, सरकारने सांगितलं आजाराने गेली. वाद अजून आहे, पण कार्ड रद्द झालं होतं यावर वाद नाही.

आता नावांचं. आपलं शहर तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू सगळ्यांचं. घरात लक्ष्मम्मा, शाळेच्या दाखल्यावर लक्ष्मी, कारखान्याच्या रजिस्टरला लक्ष्मीबाई, लग्नानंतर आडनाव वेगळं आणि काही घरांत नावसुद्धा वेगळं. सिद्राम, सिद्धाराम, सिद्रामप्पा एकच माणूस. शेख कुठं शैख, महंमद कुठं मोहम्मद तर कुठं नुसतं मो. हे कुणी फसवायला केलेलं नाही, प्रत्येक वेळी लिहिणारा क्लार्क वेगळा होता आणि त्याला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं. पण आज पीएफची पेन्शन काढायला गेलं की नाव मॅच होत नाही, मग अ‍ॅफिडेव्हिट करा, नोटरी करा, गॅझेट करा. माझ्या ओळखीत एक विडी कामगार मावशी आहेत, एका अक्षरावरून त्यांची पेन्शन कितीतरी महिने अडकली, रेकॉर्डला चूक कारखान्याच्या क्लार्कची होती, पैसे आणि हेलपाटे मात्र मावशींचे. म्हातारपणी कसं जमवलं ते त्यांनाच माहिती.

जन्मतारखेचं तर विचारूच नका. आपल्याकडे पन्नाशीच्या पुढचे निम्मे लोक १ जूनला जन्मलेत, कारण शाळेत घालताना मास्तरांनी तीच तारीख टाकली. बाळंतपणं सुईणीच्या हातची, घरात. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे पण गरिबाच्या घरात जन्म दाखला काढायची सवय लागायला त्यानंतर कितीतरी वर्षं गेली. आणि नागरिकत्वाचा कायदा तर तारखेवर चालतो. १ जुलै १९८७ च्या आधी इथं जन्मलात तर जन्माने नागरिक, त्यानंतर जन्मलात तर आई-बापातलं एक जण नागरिक पाहिजे, ३ डिसेंबर २००४ नंतरच्या पोरांसाठी त्याहून कडक, एक जण नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नको. म्हणजे ३५ वर्षांच्या माणसाने स्वतःचा जन्मच नाही तर आई किंवा बापाचा जन्मही दाखवायचा, ज्यांना स्वतःला माहीत नाही की ते कुठल्या सालचे. आसामात हे प्रत्यक्ष झालं. ३१ ऑगस्ट २०१९ ला एनआरसीची, म्हणजे नागरिकांच्या राष्ट्रीय नोंदवहीची, शेवटची यादी लागली, सव्वातीन कोटींहून जास्त अर्जदारांत १९,०६,६५७ लोक बाहेर. तिथं कट-ऑफ वेगळी होती, १९७१ ची, पण कागद कागदाशी जुळवायची रीत हीच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तुम्हाला का नाकारलं हे सांगणारी साधी स्लिपसुद्धा त्या लोकांना पुढे कित्येक वर्षं मिळाली नाही, त्यामुळे अपील करायचं म्हटलं तरी कशाविरुद्ध करायचं?

सोलापूरकरांनी या विषयावर बोलावं याचं अजून एक कारण आहे, आणि ते आपण विसरत चाललोय. आपल्या शहरात आजही सेटलमेंट म्हणून भाग आहे. रोज तिथून जाणाऱ्या पोरांना माहीत नसतं की ते नाव कशावरून आलं. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, १९११ मध्ये तो वाढवून मुंबई इलाख्यासह सगळीकडे लावायची सोय केली. कैकाडी, पारधी, कंजारभाट, मांग गारुडी अशा कितीतरी जमातींची नावं रजिस्टरमध्ये चढवली, बोटांचे ठसे घेतले, तारेच्या कुंपणात ठेवलं, रोज हजेरी, बाहेर जायचं तर पास. त्यातल्या कितीतरी जणांना सोलापूरच्या गिरण्यांत कामाला जुंपलं. माणसाने काही केलं होतं का हा प्रश्नच नव्हता, यादीत नाव आहे ना, बस. ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभरातून हा कायदा गेला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन.

आजच्या आधारची आणि त्या रजिस्टरची बरोबरी मी करत नाहीये, हेतू वेगळा, काळ वेगळा, राज्यघटना आहे. पण एकदा राज्याने माणसं यादीत घातली, ठसे घेतले आणि "तू तसा नाहीस हे तू सिद्ध कर" म्हणून सांगितलं की खालच्या माणसाचं काय होतं हे या शहराने आपल्या डोळ्यांनी बघितलंय. आणि त्याच लोकांची नातवंडं आज जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा शोधत फिरतात. ज्यांना सरकारने आधी कुंपणात ठेवलं आणि जे नंतर पालं घेऊन गावोगाव फिरले, त्यांच्याकडेच सरकार राहण्याचा पुरावा मागतंय. उद्या नागरिक कार्डाची रांग लागली तर या रांगेत सगळ्यात मागे कोण असेल?

घुसखोरांचं काय, हा प्रश्न येणारच आणि तो टाळायचा नाही. बेकायदा आलेल्या माणसाला शोधणं सरकारचं काम आहे, करावं. पण कार्डाने ते होईल असं ज्यांना वाटतं त्यांनी सांगावं की नवं कार्ड कशावरून देणार? जुन्याच कागदांवरून ना. ज्याच्याकडे पैसा आहे, एजंट आहे, तो जुने कागद बनवतो तसा यालाही लागणारे कागद बनवेल. अडकणार तो कागदच नसलेला इथलाच माणूस. आणि कागद असूनही काय होतं ते जून २०२५ मध्ये दिसलं, महाराष्ट्रात मजुरीला आलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी समजून थेट सीमेपार ढकललं, मग त्यांच्या राज्याने धावपळ करून कागद दाखवले तेव्हा परत आणलं. संशय कशावरून आला, तर बोलण्याच्या भाषेवरून. ज्या शहरात निम्मी गल्ली घरात तेलुगू नाहीतर कन्नड बोलते त्या शहराने ही बातमी वाचून दुसऱ्याचं म्हणून सोडून देऊ नये.

"आपल्याला लपवायचं काय आहे" असंही काही जण म्हणतात. लपवायचं काही नाही, पण पासवर्ड गेला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. जमिनीच्या रजिस्ट्रीच्या कागदांवरचे ठसे उचलून, त्याचे नकली अंगठे बनवून आधारच्या पेमेंटमधून गरिबांच्या खात्यातले पैसे काढल्याची प्रकरणं पोलिसांत गेलीत. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे, आणि ज्यांच्या याचिकेमुळे हे झालं ते न्या. पुट्टस्वामी तेव्हा नव्वदी ओलांडलेले निवृत्त न्यायाधीश होते. त्या माणसाला काय लपवायचं होतं?

दुसरीकडे काय झालं तेही थोडक्यात. ब्रिटनमध्ये १९३९ ला युद्धासाठी ओळखपत्र आलं, युद्ध संपलं तरी पोलीस ते मागत राहिले, शेवटी एका गाडीवाल्याने दाखवायला नकार दिला, प्रकरण कोर्टात गेलं, न्यायाधीशांनीही नापसंती दाखवली आणि १९५२ मध्ये कार्ड बंद झालं. २००६ ला परत कायदा केला, २०१० ला परत रद्द. एस्टोनियात मात्र कार्ड चालतं, लोक खूश आहेत, कारण तिथं कुठल्या ऑफिसने तुमची माहिती कधी उघडून बघितली हे नागरिकाला दिसतं. आपल्याकडेही आधारच्या वेबसाईटवर ऑथेंटिकेशनची हिस्टरी बघता येते, पण आमच्या अक्काला ते कुणी सांगितलेलंच नाही.

मग पाहिजे काय? पहिलं, नकार तोंडी चालणार नाही. रेशन असो, पेन्शन असो, यादीतलं नाव असो, नाकारलं तर कारण, तारीख आणि अधिकाऱ्याचं नाव लिहिलेला कागद जागेवर हातात मिळाला पाहिजे, आणि प्रकरण मिटेपर्यंत आधीचा लाभ चालू राहिला पाहिजे. आधार कायद्याच्या कलम ७ मध्ये नंबर मिळालेला नसेल त्याला दुसऱ्या ओळखीवर लाभ द्यायची तरतूद आहेच, २०१८ च्या निकालात कोर्टानेही बोट जुळलं नाही म्हणून कुणाचा हक्क बुडू नये असंच सांगितलंय. कितीजणांना ही सोय मिळाली याचा आकडा दर महिन्याला दुकानावर लावा, मग कळेल.

दुसरं आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं, पुरावा शोधायचं काम सरकारचं. हे अशक्य आहे असं कुणी म्हणू नये. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायच्या ठरल्या तेव्हा न्या. शिंदे समिती नेमली आणि याच सरकारी यंत्रणेने तहसीलची दप्तरं, शाळांची जुनी रजिस्टरं, मोडीतले कागद सगळं धुंडाळलं, मोडी वाचणारी माणसं बसवली, स्कॅन केलं आणि लाखो नोंदी काढून दाखवल्या. आंदोलनाचा रेटा होता म्हणून झालं, पण झालं. मग सोलापूर महापालिकेची जुनी जन्म रजिस्टरं, बंद पडलेल्या गिरण्यांचे मस्टर, विडी कारखान्यांच्या पीएफच्या वह्या, सेटलमेंटची हजेरी रजिस्टरं, जी जिथं शिल्लक असतील ती तशीच शोधून स्कॅन करा, वॉर्डात कॅम्प लावा, आणि माणसाला सांगा की हे बघा तुमच्या आजोबांचं नाव आमच्या दप्तरात सापडलं. नाही सापडलं तर ते दप्तर सरकारने सांभाळलं नाही असं धरा, त्या माणसावर शेरा मारू नका. २००३ च्या नियमांतला तो संशयास्पदचा शेरा मारायचा अधिकार आधी काढून टाका. एवढं होईपर्यंत नव्या कार्डाला माझा विरोध राहणार, आणि मत मागायला दारात येईल त्याला मी हेच विचारणार आहे, मग तो कुठल्याही पक्षाचा असो.